टिंबक्टूला कधी निघायचं?

केळं मोडणं ही किरकोळ घटना आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार वर्षांच्या माणसाबरोबर सकाळ काढलेली नाही. साल काढताना केळ्याचे दोन तुकडे झाले, की आमच्या नातवाच्या लेखी ते केळं गेलं. पोटात जाण्याआधी त्याचे तुकडे होणारच आहेत, देवानं दात त्यासाठीच दिलेत, हा माझा युक्तिवाद तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "जोड." मी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. कालव्यांना पडलेली भगदाडं रातोरात बुजवली. केळं मात्र जोडता आलेलं नाही.

केळ्यानंतर दिवस सुरू होतो. हिरव्या कपातलं दूध निळ्या कपात येतं. मोज्याची शिवण बोटांवर भलतीकडेच बसते. लिफ्टचं बटण कुणी तरी परकी बाई दाबून मोकळी होते, मग आम्हाला पुन्हा खाली येऊन, पुन्हा बटण दाबून, पुन्हा वर जावं लागतं. वरण भाताला न विचारता चिकटतं. पोळीची सुरळी हवी असते तेव्हा तुकडे होतात आणि तुकडे हवे असतात तेव्हा सुरळी. या प्रत्येक वेळी जो आवाज लागतो, तो ऐकून समोरच्या ग्रीक आजीबाई दार किलकिलं करून बघतात. आम्ही त्या पोराला नेमकं काय करतो, याबद्दल त्यांचं काही तरी मत झालेलं आहे. भाषा येत नसल्यानं ते अजून आमच्यापर्यंत पोचलेलं नाही.

हे सगळं मेलबर्नात चालतं. लेक-जावई तिथले, आम्ही दोघं व्हिसाच्या मुदतीपुरते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत निम्मी घरं अशीच वर्षातले काही महिने कुलुपात असतात. कुणाचं बाळंतपण डलासला, कुणाची मुंज लंडनला. कुंड्यांना पाणी घालायला जो मागे राहतो, तो चेअरमन होतो.

घरात पोराचं रडणं थांबवण्याच्या तीन पद्धती नांदतात. पहिली अर्थातच आजीची. तो पडला की ही आधी जमिनीला धपाटा घालते. "हात् रे! माझ्या राजाला लागवलंस? आणि ती बघ, मुंगी मेली!" मग दोघं मिळून मेलेली मुंगी शोधतात. मुंगी सापडत नाही, पण तोवर रडं हरवलेलं असतं. आपल्या पिढ्यान् पिढ्या याच उपचारावर वाढल्या. माझ्या लहानपणीच्या धडपडीत मेलेल्या मुंग्यांचा हिशोब निघाला, तर चित्रगुप्तासमोर मला वर मान करून उभं राहता येणार नाही. दुखणं त्याहून मोठं असेल, तर ही मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन दृष्ट काढते. तिथे घराघराच्या छताला धूर हुंगणारा भोंगा लावणं कायद्यानं सक्तीचं आहे, ही माहिती आम्हाला मिरच्या गॅसवर टाकल्यानंतर मिळाली. भोंग्याच्या आवाजानं पोराचं रडणं मात्र ताबडतोब थांबलं. दृष्ट लागू पडली, असं ही अजून म्हणते.

दुसरी पद्धत लेकीची. ती उकिडवी बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि हळू आवाजात म्हणते, "तुला खूप राग आलाय. राग येणं ठीक आहे." तिथल्या बालवाडीतल्या बाई याला 'बिग फीलिंग्ज' म्हणतात. पोरगा तिच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. "राग नाही आला. केळं मोडलंय."

तिसरी माझी. तिचा नमुना वर दातांच्या संदर्भात येऊन गेला आहे.

अशा घरात 'अलेक्झांडर अँड द टेरिबल, हॉरिबल, नो गुड, व्हेरी बॅड डे' हे पुस्तक आलं. आणलं मीच, पुण्याहून, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून वजनावर घेतलेलं. ज्युडिथ व्हायोर्स्ट या अमेरिकन बाईंनी ते १९७२ साली लिहिलं आणि रे क्रूझ यांनी त्याची चित्रं काढली. चित्रं काळ्या शाईच्या बारीक रेघांची. हिनं ती चाळून "रंग भरायचे राहिले वाटतं" असा शेरा मारला. मुखपृष्ठावरचा मुलगा अंथरुणात असा काही वैतागून बसला आहे, की नातवानं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. ओळख पटली असावी.

गोष्ट म्हणावी तर त्यात गोष्टच नाही. अलेक्झांडर सकाळी उठतो तर रात्री तोंडात असलेलं च्युइंगगम केसांत. पलंगावरून उतरतो तर स्केटबोर्डला अडखळतो. न्याहारीच्या खोक्यातून दोन्ही भावांना बक्षिसं निघतात, याच्या खोक्यातून फक्त न्याहारी निघते. शाळेत जिवलग मित्राला दुसराच जिवलग मित्र मिळतो. डब्यात आई गोड ठेवायला विसरते. दातांच्या डॉक्टरला तिघा भावांत एकच कीड सापडते आणि ती याच्या दातात. दुकानात याला हवे ते बूट संपलेले. रात्री ताटात नावडती भाजी, टीव्हीवर लोक एकमेकांचे मुके घेताहेत, अंगात नको असलेला पायजमा आणि अखेर मांजरसुद्धा भावाकडे झोपायला जातं. दर चार पानांनी तो जाहीर करतो, की आपण आता ऑस्ट्रेलियाला जाणार. शेवटच्या पानावर आई त्याला सांगते, की असले दिवस ऑस्ट्रेलियातही उगवतात. पुस्तक संपलं.

मी पुढचं पान उलटून पाहिलं. आपल्याला सवय असते. आता मित्र येऊन माफी मागेल, बूट सापडतील, निदान मांजर तरी परत येईल. पान कोरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठीक झालं, एवढंही नाही. या बाईंनी पोराचा दिवस पार नासू दिला आणि तसाच झोपवला. कुणी जमिनीला धपाटा घातला नाही, कुणी उकिडवं बसलं नाही.

नातू एरवी प्रत्येक गोष्टीनंतर 'मग?' विचारतो. रामाला वनवासातून परत आणला तरी 'मग?' चिऊ, काऊ, शेणाचं घर, मेणाचं घर, सगळी रामकहाणी सांगून झाली तरी 'मग?' या पुस्तकानंतर त्यानं ते विचारलं नाही. थोडा वेळ तो च्युइंगगमच्या पानावर बोट ठेवून बसला आणि म्हणाला, "परत वाच." दुसऱ्या कुणाचा तरी दिवस आपल्यापेक्षा वाईट गेला आहे, आणि तो छापून आला आहे, या बातमीनं त्याला केवढा आधार वाटला ते मला सांगता येणार नाही. पेन्शनर कट्ट्यावर मला स्वतःला तो रोज मिळतो, तेव्हा मला समजलं पाहिजे होतं.

आता घोटाळा. दोनचार वाचनांनंतर नातवाला ऑस्ट्रेलिया खटकू लागला.

"आजोबा, हा कुठे जाणारे?"

"ऑस्ट्रेलियाला."

"आपण कुठे आहोत?"

"ऑस्ट्रेलियात."

यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. जगातला रागावलेला प्रत्येक मुलगा जिथे पळून जायचं म्हणतो, तिथे हा आधीच येऊन बसलेला. याला पळायला जागाच उरली नाही. त्या दिवशी त्याच्या रडण्याला एक नवीन, तात्त्विक सूर लागला.

सुटका लायब्ररीनं केली. तिथल्या शेल्फावर हेच पुस्तक दिसलं, म्हणून लेकीनं सहज घरी आणलं. मी वाचायला बसलो आणि पहिल्याच धमकीला थबकलो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी छापलेल्या आवृत्तीत अलेक्झांडर टिंबक्टूला जातो! प्रकाशकांनाही आमच्याच नातवासारखा प्रश्न पडला असणार. मी खूश झालो, नातू मात्र संशयानं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून चित्रं ताडून पाहू लागला. तोच मुलगा, तेच मांजर, तेच दुकान. मग एकाच वेळी दोन गावांना कसा जाणार? "एक खोटं वाचतोयस," असा निकाल लागला आणि संशयाची सुई पुस्तकांकडे नाही, माझ्याकडे वळली.

टिंबक्टू कुठे आहे, हे मग पृथ्वीच्या गोलावर शोधणं आलं. आफ्रिकेत माली नावाचा देश, त्यात सहाराच्या काठावर, नायजर नदीपासून थोड्याच अंतरावर. एके काळी तिथे मोठमोठे पंडित राहत, हस्तलिखितांचे पेटारेच्या पेटारे घराघरांत जपलेले असत, मिठाच्या लाद्या घेऊन उंटांचे तांडे येत. हे सगळं मी फार रंगवून सांगितलं. नातवानं विचारलं, "लिफ्ट आहे?" बहुतेक घरं मातीची आणि बुटकी असल्यानं लिफ्टची गरज पडत नाही, असं मी म्हटलं. लिफ्टच नाही, म्हणजे बटण परक्या बाईनं दाबायचा प्रश्न मिटला. टिंबक्टू मंजूर झालं.

मला मात्र टिंबक्टूतल्या मुलाची काळजी लागून राहिली. तिथे एखाद्याचं केळं मोडलं, तर त्यानं कुठे जायचं म्हणायचं? पुण्याला म्हणत असेल का? म्हणत असेल तर त्याला कुणी तरी वेळीच कल्पना द्यायला हवी.

आपल्याकडेही पळून जायच्या जागा ठरलेल्या असतात. वैतागलेला मराठी पुरुष हिमालयात जातो. म्हणजे जातो म्हणतो. स्वेटर नसल्यानं राहून जातं. माझे वडील महिन्यातून एकदा, साधारण वाण्याचं बिल आलं की, काशीला निघत. हिचं टिंबक्टू साताऱ्याला आहे. तिथे सकाळची एसटी मिळते, त्यामुळे तिच्या धमकीत नेहमीच दम होता. मुलांसाठी मात्र आपण अशी जागा ठेवलीच नाही. मामाचा गाव होता, पण तिथे रुसून कसं जाणार? तिथे शिकरण-पोळीचा बेत असतो.

पुस्तकातली ती नावडती भाजी म्हणजे लिमा बीन्स. आपल्याकडे वाण्याकडे डबल बी म्हणून मिळते तीच. हे मी अनावधानानं बोललो आणि घरात तिसऱ्या महायुद्धाची नांदी झाली. "डबल बीला नावं ठेवतो? त्याच्या आईला करता येत नसेल," असं म्हणून हिनं दुसऱ्या दिवशी इंडियन स्टोअरमधून डबल बी आणवली, रात्रभर भिजत घातली, आणि गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं घालून अशी उसळ केली की वास जिन्यापर्यंत गेला. ग्रीक आजीबाईंनी दार उघडलं ते या वेळी पूर्ण. त्यांच्याकडेही मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया टोमॅटोत शिजवून करतात म्हणे. खुणांनी पाककृतींची देवाणघेवाण झाली आणि आमच्याबद्दलचं त्यांचं मत थोडं निवळलं. नातवानं मात्र घास तोंडात घेतला नाही. अलेक्झांडरला आवडत नाही म्हणजे नाही. पक्ष बांधून मत देणारा इतका निष्ठावान माणूस मी आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा पाहिलेला नाही.

ही तेव्हापासून पुस्तकावर नाराज. "यातून मुलांनी घ्यायचं काय?" हा तिचा सवाल, आणि तो गैर नाही. आपण वाढलो 'श्यामची आई'वर. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बारकाईनं पाहा, श्यामचे दिवस अलेक्झांडरपेक्षा कितीतरी वाईट जात. पण त्याच्या आईनं एकही दिवस फुकट जाऊ दिला नाही. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसला, तर तिनं त्याला पाय ठेवायला लुगडं पसरलं आणि मनालाही असंच जपायला सांगितलं. पोहायला जायचं टाळून माळ्यावर लपला, तर शिमटीनं फोडून काढत विहिरीवर पाठवला. अलेक्झांडर माळ्यावर लपला असता, तर त्याची आई म्हणाली असती की माळ्यावर लपायचे दिवस ऑस्ट्रेलियातही येतात, आणि पोर आजन्म कोरडं राहिलं असतं. हे मी कबूल करतो. पण श्यामची आई वाचून आम्ही सगळी भावंडं रडायचो, ते आम्ही केलेल्या आणि न केलेल्या यच्चयावत पापांसाठी. नातू अलेक्झांडर वाचून हसतो. आणि हसताना, मला दाट संशय आहे, स्वतःला हसतो. चार वर्षांच्या माणसानं यापेक्षा जास्त काय घ्यायचं?

बरं, व्हायोर्स्टबाई काही पुस्तकी गोष्टी सांगत नव्हत्या. त्यांना तीन मुलगे, नावं अँथनी, निक आणि अलेक्झांडर. तीच नावं त्यांनी पुस्तकात घातली. धाकट्या अलेक्झांडरनं तक्रार केली म्हणतात, की वाईट दिवस मलाच का? आईनं सांगितलं, दुसरं नाव घालते, पण मग मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत तुझं नाव येणार नाही. पोरानं वाईट दिवस पत्करला. माणसाला एवढं जगण्याचं ज्ञान कुठल्याही बोधकथेतून येत नाही. पुढे २०१४ साली डिस्नेनं यावर सिनेमा काढला. त्यात अख्ख्या कुटुंबाचा दिवस बिघडवला आणि शेवटी सगळ्यांना एकत्र आणून तो दुरुस्तही केला. म्हणजे आमच्या हिच्या मनासारखं झालं. मला तो बघताना झोप लागली.

मराठीत असलं काही नाही, असं जावई एकदा म्हणाला, तेव्हा मात्र मी उठून बॅग उघडली. आमच्या बॅगेत चकली किती आणि पुस्तकं किती, यावर प्रत्येक प्रवासाआधी भांडण होतं आणि त्यात मी क्वचित जिंकतो. त्या क्वचितांत माधुरी पुरंदरे आल्या होत्या. त्या लिहितातही स्वतः आणि चित्रंही स्वतः काढतात; २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेलं त्यांचं 'राधाचं घर' घ्या. राधा, तिची माणसं आणि त्या माणसांचं रोजचं चालणं. कुणी राक्षस मारत नाही, कुणाला राज्य मिळत नाही. 'बाबाच्या मिश्या' तर नावाप्रमाणे बाबाच्या मिशांबद्दलच आहे, आणि एका पुस्तकाला तेवढा विषय पुरेपूर पुरतो. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला. आमच्या घरी सकाळचा पेपर आधी लेकीकडे जाई, चिंटू वाचून झाला की मग अग्रलेखाचा नंबर. हीच लेक आता उकिडवी बसून भावना ओळखायला शिकवते, तेव्हा मला चिंटूची आई आठवते. ती ओरडायची, आणि चिंटूचं चित्रात तरी काही बिघडलेलं दिसायचं नाही.

नातवाला राधा लगेच आवडली. त्या घरातलं सगळं त्याला कळलं: जमिनीवर बसलेली माणसं, आजी, आजोबा. तिचं घर लिफ्टचं की बिनलिफ्टचं, याची चौकशीही त्यानं केली नाही. पण दिवस बिघडला की हात अलेक्झांडरकडेच जातो. राधा चांगल्या दिवसांसाठी, असा त्याचा सरळ कारभार आहे.

असं करत नोव्हेंबर आला. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत, असा हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी साहेबासमोर जाऊन उभं राहिलं की पुरे. साहेब आपल्याकडे न बघताच सही करायचा. आता सोय झाली आहे. फोनसमोर चेहरा धरायचा, डोळ्यांची उघडझाप करायची आणि फोनला आपण पटायचं. मी त्याला पटेना. चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. खिडकीशी गेलो, दिव्याखाली बसलो. डोळे इतके मिचकावले, की ग्रीक आजीबाईंनी पाहिलं असतं तर नवीनच मत झालं असतं. दरवेळी फोन सांगे, चेहरा जुळत नाही. मी जिवंत नाही असं तो म्हणत नव्हता. जो कुणी जिवंत आहे तो मी नव्हे, एवढंच त्याचं म्हणणं.

पाय मोकळे करायला बाहेर पडलो. तिथे वसंत ऋतू चालू होता. कवितेत तो बरा असतो. तिकडच्या वसंतात मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी घरट्यात पिल्लं असताना रस्त्यानं जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेपावतो; जावई सायकलच्या हेल्मेटला प्लास्टिकचे खिळ्यांसारखे उभे पट्टे लावून फिरतो तो याचसाठी. माझ्या डोक्यावर कानटोपी होती. ती पुण्यात थंडी अडवते, पक्षी अडवत नाही. त्याला मात्र माझा चेहरा चांगला ओळखता येत होता, कारण परत येताना त्यानं पुन्हा मलाच गाठलं, शेजारून चाललेल्या तरुण मुलाला सोडून. घरी आलो तर चहा झालेला, आणि परवाच्या तपासणीत साखर वाढल्यानं हिनं तो बिनसाखरेचा केलेला. सोबतची बिस्किटंही डब्यात परत गेलेली.

मी कोचावर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मी टिंबक्टूला चाललो."

नातू रंगपेट्या सोडून आला. माझ्याकडे नीट बघितलं. आत जाऊन दोन्ही अलेक्झांडर घेऊन आला, लायब्ररीचा बाजूला ठेवला, आपला मांडीवर उघडला आणि वाचायला लागला. त्याला अक्षर येत नाही, पण पान कधी उलटायचं ते पाठ आहे. "आजोबा उठला, तर फोन त्याला ओळखेना." पान. "मग पक्ष्यानं टोपीवर मारलं." पान. "मग दुसऱ्यांदा मारलं." हे त्याला कसं कळलं, कुणास ठाऊक, बहुधा खिडकीतून बघत असावा. "मग चहात साखर नव्हती. बिस्किट पण नव्हतं. आजीनं डब्यात टाकलं." इथे त्यानं मुद्दाम थांबून स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "आजोबा म्हणाला, मी टिंबक्टूला जाणार."

शेवटचं पान आलं. आई जे बोलते ते पान. तो विचारात पडला. ऑस्ट्रेलिया म्हणून चालणार नव्हतं, तिथे आम्ही होतोच. टिंबक्टूला तर मी निघालो होतो. त्यानं पुस्तक मिटलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज शक्य तितका मोठ्या माणसाचा करून म्हणाला, "पुण्यात पण असेच दिवस असतात, आजोबा."

आतून पोळ्या लाटता लाटता हिचा आवाज आला, "पुण्यात रोजच असतात! आणि त्यांना सांग, टिंबक्टूला जाताना कानटोपी घेऊन जा."